घराच्या वायरिंगला लोकल माल कुठे चालतो, कुठे नाही

कराडजवळ दुमजली घर बांधणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं आहे. स्लॅब झाला, भिंतीत झिऱ्या मारायचं काम आता सुरू होईल. दुकानदाराने दोन कोटेशनं दिली आहेत: सगळा माल नावाजलेल्या कंपनीचा घेतला तर १ लाख ३५ हजार, सगळा लोकल घेतला तर ८२ हजार. वायरमन म्हणतो, "माल तोच असतो साहेब, एकाच कारखान्यात बनतो, तुम्ही नावाचे पैसे मोजता." धाकट्या भावाचं म्हणणं, विजेच्या कामात काटकसर नको, सगळं कंपनीचंच घ्या. कोणाचं ऐकायचं?

मी लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे. घरं, दुकानं, लहान वर्कशॉप अशी कामं सातारा-कोल्हापूर पट्ट्यात करतो. माझं मत विचाराल तर दोघांचंही निम्मंच ऐका.

खरी अडचण त्या दोन कोटेशनांतच आहे. "सगळा कंपनीचा" आणि "सगळा लोकल" असे दोनच पर्याय तुमच्यापुढे ठेवले, की ५३ हजारांचा फरक एकगठ्ठा दिसतो आणि माणूस घाबरून तरी निर्णय घेतो नाहीतर मोहाने. त्या फरकातले काही हजार तुम्ही डोळे झाकून वाचवू शकता, आणि काही हजार वाचवलेत तर पुढे कधीतरी भिंत फोडावी लागेल किंवा त्याहून वाईट. म्हणून आधी दुकानदाराकडून दोन्ही कोटेशनं आयटमवार मागून घ्या: वायर किती स्क्वेअरची, किती बंडलं, एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा खटका) किती, स्विच-सॉकेट किती, पाइप, बॉक्स, पंखे, लाइट वेगवेगळे. तशी यादी द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे पुढचं काही विचारण्यात अर्थ नाही.

यादी हातात आली की प्रत्येक वस्तूपाशी मी एवढंच बघतो: ही बिघडली तर नुसती बंद पडेल की तापेल-पेटेल? ती बदलायची तर स्टूल लागेल की छन्नी-हातोडा? आणि घेण्याआधी मला ती तपासता येते का? पंधराशेचा पॅनल लाइट बंद पडला तर दहा मिनिटांत दुसरा बसतो. प्लास्टरच्या आतल्या वायरचं तसं नाही.

वायरीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बिलाचा सगळ्यात मोठा आकडा तिचाच असतो आणि सगळ्यात जास्त फसवणूकही तिच्यातच होते. "२.५ स्क्वेअर" म्हणजे तांब्याचं छेद-क्षेत्रफळ अडीच चौरस मिलिमीटर. बंडल ९० मीटरचं. गुणाकार केला तर २२५ घन सेंटिमीटर तांबं होतं, तांब्याची घनता ८.९६, म्हणजे एका बंडलात जवळपास दोन किलो तांबं हवं. मानकात मात्र माप क्षेत्रफळावर नाही, रेझिस्टन्सवर तपासतात: २.५ स्क्वेअरच्या मल्टीस्ट्रँड, म्हणजे बारीक धाग्यांच्या, तांब्याच्या वायरला २० अंश सेल्सिअसला किलोमीटरमागे ७.९८ ओहमच्या वर चालत नाही. त्यामुळे तांबं शुद्ध असेल तर पावणेदोन किलोच्या आसपासही वायर नियमात बसते, आणि चांगल्या कंपन्याही तेवढंच बसवतात, फुकट तांबं कोणी देत नाही. पण त्यावर पीव्हीसीचं वजन वेगळं. इन्सुलेशनसकट अख्खं बंडल जर दोन किलोच भरत असेल, तर छापलेल्या आकड्याचं काय झालं ते तुम्हीच समजा. किराणा दुकानाच्या काट्यावर होण्यासारखी ही तपासणी आहे. बंडल सोडून मीटरही मोजून घ्या. बिननावाच्या चालू मालात ९० मीटर छापलेलं असतं, भरत नाही.

वजन कमी भरण्याची दोन कारणं असतात. एक म्हणजे तार बारीक, १.५ स्क्वेअरची वायर २.५ म्हणून विकलेली, वर पीव्हीसी जाड करून बाहेरचा व्यास बरोबर केलेला. दुसरं म्हणजे तांबं नाहीच, आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ थर. हे ओळखायला एक धागा काढून ब्लेडने खरवडायचा. आतून पांढरा निघाला की बंडल परत. मल्टिमीटर लावून रेझिस्टन्स मोजायचा सल्ला काही जण देतात. साध्या मल्टिमीटरवर एवढ्या कमी ओहमला विश्वास ठेवू नका, त्याच्या प्रोबच्या तारांचं रेझिस्टन्सच त्यात मिसळून येतं.

आता बारीक वायरने होतं काय ते आकड्यांत बघा. तीन किलोवॅटचा गिझर साधारण १३ अँपिअर करंट घेतो. डीबीपासून (एमसीबी बसवतात त्या मुख्य पेटीपासून) बाथरूम दहा मीटर, फेज-न्यूट्रल धरून वीस मीटर वायर. खरी २.५ स्क्वेअरची असेल तर तेवढ्या वायरीत २७ वॅट उष्णता तयार होते. आत १.५ निघाली तर ४५ वॅट. ती १.५ सुद्धा अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली निघाली, तर सत्तरच्या आसपास. ही उष्णता प्लास्टरमध्ये गाडलेल्या पाइपात कोंडते, शेजारच्या वायरींचीही तिच्यात भर पडते, आणि पीव्हीसी वर्षानुवर्षं कडक होत जातं. एखाद्या हिवाळ्यात स्विचबोर्डाशी जळका वास येतो.

यातला खरा धोका असा की एमसीबी यावर काहीच करत नाही. एमसीबी बसवताना वायरमन वायरवर छापलेला आकडा बघून २० अँपिअरचा बसवतो. गिझरचा करंट १३. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे. आतली वायर खरी किती जाड आहे हे त्याला कळायचं काही साधन नाही. म्हणजे खोट्या मापाची वायर घेतली की नुसती वायर खराब निघत नाही, तिच्यावर नेमलेला पहारेकरीही निकामी होतो, मग तो कितीही भारी कंपनीचा असो. "एमसीबी कंपनीचा घेतलाय, वायर लोकल चालेल" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांना मी हेच सांगतो.

याच्या उलटही करू नका. एमसीबी ही अशी वस्तू आहे की घेताना ती तपासण्याचा कुठलाच मार्ग तुमच्याकडे नाही. खटका वरखाली होतो म्हणजे तो काम करतो असं नाही. खरी परीक्षा शॉर्टसर्किट होईल त्या क्षणी, आणि तेव्हा नापास झाला तर उपयोग काय? चांगल्या एमसीबीवर चौकटीत ६००० किंवा १०००० असा आकडा असतो. तेवढ्या अँपिअरचा शॉर्टसर्किट करंट तो न फुटता तोडू शकतो. तोच आकडा कोणीही छापू शकतो. म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी (करंट अंगातून किंवा जमिनीत गळला की वीज तोडणारा खटका) दोन्ही नावाजलेल्या कंपनीचे, अधिकृत डीलरकडून, पक्क्या बिलावर. घरासाठी आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घ्या आणि तो वगळून पैसे वाचवू नका. बाथरूममध्ये शॉक बसला तर माणूस त्याच्यामुळेच वाचतो, एमसीबीमुळे नाही. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा.

मग वायर कंपनीचीच घ्यायची का? इथे तुमच्या दुकानदाराने एक पर्याय सांगितलाच नाही. बाजारात माल तीन प्रकारचा असतो, दोन नव्हे. जाहिरातवाल्या मोठ्या कंपन्या. खोक्यावर धड पत्ताही नसलेला चालू माल. आणि या दोघांच्या मध्ये, नाव कोणी ऐकलेलं नसतं पण रीतसर आयएसआय परवाना घेतलेल्या छोट्या कंपन्या. घरातल्या वायरीला आयएसआय सक्तीचा आहे, मानक आयएस ६९४. परवाना असेल तर आयएसआयच्या खुणेखाली सीएम/एल आणि पुढे आकडे असा नंबर असतो. मोबाइलवर "बीआयएस केअर" हे सरकारी अॅप घ्या, त्यात तो नंबर टाका. कंपनीचं नाव, पत्ता, परवाना चालू आहे की संपला आणि तो कोणत्या मालासाठी आहे, सगळं दिसतं. नंबर भलत्याच कंपनीचा निघाला, किंवा परवाना दुसऱ्याच वस्तूचा निघाला, तर विषय संपला. नंबर खरा असेल, वजन भरत असेल आणि धागा आतूनही लाल असेल, तर ती वायर माझ्या स्वतःच्या घरात घालायला माझी हरकत नाही. तुमची खरी बचत या मधल्या मालात आहे.

वायरमन म्हणतो ते "एकाच कारखान्यात बनतं" हे पूर्ण खोटं नाही. बरेच ब्रँड बल्ब, पंखे, स्विच स्वतः बनवत नाहीत, करार करून दुसऱ्या कारखान्यातून बनवून घेतात, हे उघड आहे. पण त्या कारखान्याला प्रत्येक गिऱ्हाईक वेगळी यादी देतं: तांबं किती, प्लॅस्टिक कोणतं, एलईडीला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये संरक्षणाचे भाग घालायचे की नाही, किती नग तपासायचे. छत एक असलं तरी आत बनणारा माल ज्याने पैसे मोजले त्याच्या यादीप्रमाणे बनतो. तेव्हा वायरमनला विचारा, कारखाना कोणता आणि परवाना नंबर काय. उत्तर आलं तर तपासता येईल.

लाइटच्या बाबतीत मी बिनधास्त लोकल घ्या म्हणेन, थोडं बघून. एलईडी बल्ब किंवा पॅनल बिघडला तर बहुतेक वेळा नुसता बंद पडतो. त्यावर आयएस नंबराशेजारी "आर-" ने सुरू होणारा नोंदणी नंबर असतो, तोही त्याच अॅपवर तपासता येतो. दुकानात लावून बघताना मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून बघा. पडद्यावर जोरात लपलप दिसली तर ड्रायव्हर स्वस्तातला आहे, मुलांच्या अभ्यासाच्या खोलीत तो नको. तुमच्याकडे गावठाणात व्होल्टेज वरखाली होत असेल तर ज्यात ड्रायव्हर वेगळा, वायरने जोडलेला आहे असे पॅनल घ्या. एकाच प्लेटवर सगळं बसवलेले स्वस्त असतात, पण बिघडले की अख्खे फेकावे लागतात. वेगळा ड्रायव्हर मात्र थोडक्या पैशांत बदलता येतो. अपवाद फक्त जागेचा. जिन्याच्या उंच डकमध्ये जिथे पोचायला पाळणा बांधावा लागेल, किंवा फॉल्स सीलिंगच्या आत बंद होणारी पट्टी, तिथे चांगलीच वस्तू लावा. दिवा महाग नसतो, तिथे चढणाऱ्या माणसाची मजुरी महाग असते.

स्विच-सॉकेटला सरसकट उत्तर नाही. ६ अँपिअरचे दिव्याचे स्विच, बेलचं बटण, टीव्हीचा पॉइंट, इथे आयएसआय असलेला साधा माल पुरतो. १६ अँपिअरचे सॉकेट, म्हणजे गिझर, एसी, इस्त्री, मिक्सर, मायक्रोवेव्ह यांचे, चांगलेच हवेत, कारण तिथे सैल संपर्क म्हणजे उष्णता. लोहचुंबक खिशात ठेवा आणि सॉकेटच्या आतल्या पट्टीला लावून बघा. पितळ चिकटत नाही, मुलामा दिलेलं लोखंड चिकटतं. स्क्रू आणि स्प्रिंग पोलादी असतात, ते चिकटले म्हणून माल वाईट ठरवू नका. मग तीन पिनचा टॉप (प्लग) घालून ओढून बघा. नवाकोरा असताना जो सहज बाहेर येतो तो दोन वर्षांनी काय धरून ठेवणार?

मॉड्युलर स्विचमध्ये लोकलची खरी अडचण पुढे कळते. सहा-सात वर्षांनी एक स्विच गेला आणि तो साचा बंद झालेला असला, तर एका स्विचसाठी अख्खी प्लेट, कधी चौकटही बदलावी लागते. मोठ्या कंपन्याही मालिका बंद करतात, त्यामुळे नुसत्या नावावर जाऊ नका. जी मालिका बाजारात जुनी आहे आणि तालुक्याच्या दुकानात सुटी मिळते ती घ्या. काचेच्या आणि धातूच्या चकचकीत प्लेटा तर मुळीच नकोत. आत स्विच तोच असतो, पैसे प्लेटचे.

पंख्यात गंमत आहे. बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास वीज घेतो, जुना साधा पंखा ७५ च्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला पंखामागे २० युनिट वाचतात, तुमच्या बिलावरचा दर लावून बघा. पण त्यात इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. साध्या पंख्याचं वाइंडिंग कुठल्याही गावात भरून मिळतं, बीएलडीसीचं कार्ड कंपनीशिवाय मिळत नाही. म्हणून बीएलडीसी घ्यायचा तर जिचं सर्व्हिस सेंटर कराड-साताऱ्यात आहे अशा कंपनीचा. बिननावाचा बीएलडीसी हा दोन्हीकडून तोटा. पाहुण्यांच्या खोलीत, जिथे पंखा वर्षातून चार दिवस फिरणार, तिथे साधा लोकल पंखा लावलात तरी काही बिघडत नाही.

पीव्हीसी पाइप, बेंड, जंक्शन बॉक्स, लोखंडी बॉक्स, क्लिपा, स्क्रू: लोकल घ्या. पाइप "मिडियम" जाडीचा घ्या, पायाखाली दाबून बघा. तडकला किंवा चपटा होऊन तसाच राहिला तर नको, स्लॅबमध्ये काँक्रीट पडताना तो तसाच चपटा होतो आणि मग वायर ओढताना वायरमन तुमच्या नावाने शिव्या घालतो. लोखंडी बॉक्सला गॅल्व्हनाइझिंग आहे का तेवढं बघा.

आणि एक जागा अशी आहे जिथे ब्रँडच उधळपट्टी आहे: अर्थिंग. "केमिकल अर्थिंग" म्हणून खोक्यातला किट महागात विकतात. तुमच्यासारख्या घराला, जमिनीत ओल असेल तर, पाइप, कोळसा आणि मीठ घालून केलेलं पूर्वापार अर्थिंग व्यवस्थित चालतं, आयएस ३०४३ मध्ये तशी पद्धत दिलेली आहे. किट कोणताही असो, अर्थ टेस्टर लावून रेझिस्टन्स मोजून द्यायला सांगा, आम्ही पाच ओहमच्या आत धरतो. मुरमाड, खडकाळ जागा असेल आणि आकडा उतरतच नसेल, तर मात्र दुसरा खड्डा किंवा केमिकलचा विचार करावा लागतो. हे जागेवर गेल्याशिवाय सांगता येत नाही.

पैसे कमी करायचेच असतील तर ब्रँड सोडण्याआधी दोन गोष्टी करून बघा. दुकानदार बहुधा तुम्हाला वायरीतला सगळ्यात वरचा प्रकार, कमी धूर किंवा हॅलोजनमुक्त वगैरे, दाखवत असेल. उंच इमारतीत, जिथे जिन्यात धूर कोंडतो, तिथे त्याला अर्थ आहे. दुमजली घराला त्याच कंपनीची साधी एफआर (आग पुढे पसरू न देणारी) वायर पुरते. दुसरं, सगळीकडे २.५ ओढू नका. दिवे-पंख्यांना १ किंवा १.५, पॉवर पॉइंटला २.५, एसीला आणि लांबच्या गिझरला ४, अशी लोडप्रमाणे वाटणी केली की जाड वायरीची बंडलं कमी लागतात. आणि बेडरूममध्ये अकरा दिवे कशाला हवेत, तेही घरात बसून ठरवा. प्रत्येक पॉइंटला वायर, पाइप, स्विच आणि मजुरी असं चौपदरी बिल लागतं.

एक उघड करून सांगतो. वायरमनला दोन्हीकडून काहीतरी मिळतं. मोठ्या कंपन्यांच्या खोक्यात कूपन असतं, ते स्कॅन केलं की त्याच्या खात्यात पॉइंट जमा होतात, मलाही होतात. लोकल मालावर दुकानदार त्याला थेट टक्के देतो. तेव्हा त्याचा सल्ला आणि माझाही, आयटमवार यादी समोर ठेवूनच पारखा. भावालाही सांगा की नावाजलेल्या कंपनीच्या नावाने बनावट बंडलं विकली जातात. डीलरच्या भावापेक्षा एखादा खूपच स्वस्तात "ओरिजिनल" देत असेल तर वजन-धागा-नंबर ही तपासणी तिथेही लागू.

भाड्याचं घर, दुकानाचा तात्पुरता गाळा, गोठा यांचं गणित वेगळं असतं. तिथे काढून नेता न येणाऱ्या वस्तूंत पैसे घालू नयेत. तुमचं राहतं घर आहे, म्हणून प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक भिंतीचे पाइपांसकट फोटो काढा आणि रिकाम्या बंडलांची लेबलं बिलासोबत जपून ठेवा. कोणत्या खोलीत काय चालणार, गिझर किती लिटरचा आणि किती वॅटचा, एसी आत्ता की नंतर, बोअरची मोटार घरच्याच मीटरवर आहे का, आणि मीटरपासून डीबी किती लांब, एवढं कळवलंत तर कुठल्या सर्किटला किती स्क्वेअरची वायर आणि किती अँपिअरचा एमसीबी हे मांडून देतो.